आपापल्या घरासमोर पहारा

शास्त्रपाठ : अनुवाद 21:1-9, लूक 10:25-37, नहेम्या 7:1-4



आमच्या उज्जैनीत काळभैरवाला नगराचा कोतवाल म्हणण्याची जुनी रीत आहे. क्षिप्रेच्या काठी वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या कानावर हे कधी ना कधी पडलेले असते. आपला विश्वास निराळा आहे. पण या बोलण्यामागे माणसाची जी गरज आहे ती आपणांस कळते. आपण झोपलो असता कोणीतरी जागे असावे, ही ती गरज. स्तोत्रकर्त्यालाही ती होती. म्हणूनच एकशे एकविसाव्या स्तोत्रात तो न झोपणाऱ्या, डुलकीही न घेणाऱ्या राखणाऱ्याकडे डोळे लावतो, आणि एकशे सत्ताविसाव्या स्तोत्रात स्पष्ट सांगतो की परमेश्वराने नगर राखले नाही तर पहारेकऱ्याचे जागरण फुकट जाते.

आता जागे राहण्याचे काम आपण यंत्रांवर सोपवले आहे. चौकाचौकांत कॅमेरे आहेत. नव्या वसाहतींना लोखंडी फाटके आहेत. दाराला जाळी, जाळीला कुलूप, आणि दारात एक बारीक भोक, ज्यातून आतल्याला बाहेरचा दिसतो पण बाहेरच्याला आतला दिसत नाही. असे असूनही 25 सप्टेंबर 2023 या दिवशी आमच्या गावात जे घडले ते साऱ्या देशाने पाहिले. ते आठवून आम्ही आजचा हा विचार आपल्यापुढे ठेवीत आहोत.

त्या दिवशी एक अल्पवयीन मुलगी, जिच्यावर अत्याचार झाला होता, अर्धवट वस्त्रांत व रक्ताने माखलेल्या स्थितीत आमच्या रस्त्यांवरून चालत होती. वर्तमानपत्रांनी दिलेल्या माहितीप्रमाणे ती सुमारे आठ किलोमीटर चालली. दोन तासांहून अधिक काळ चालली. ती दारोदार मदत मागत होती. एका घराबाहेर उभ्या असलेल्या माणसाने तिला हाताने पुढे जाण्याची खूण केली. ते दृश्य कॅमेऱ्याने टिपले व ते घरोघरी पाहिले गेले. अखेर बडनगर रस्त्यावरील एका आश्रमापाशी ती आली. तेथल्या तरुण पुजाऱ्याने तिला पाहिले, आपले वस्त्र तिच्या अंगावर घातले, तिला खावयास दिले, आणि मदतीचा क्रमांक लागेना तेव्हा महाकाल ठाण्याशी संपर्क साधून पोलिसांना बोलावले. त्याने पुढे वार्ताहरांना सांगितले की कोणी जवळ आले की ती मुलगी त्याच्या पाठीमागे लपू पाही. तिला उपचारासाठी इंदूरला नेण्यात आले. काही दिवसांतच एका रिक्षाचालकाला अटक झाली.

गुन्हा करणारा एक होता. त्याचा न्याय न्यायासनापुढे होईल, आणि त्याहूनही मोठ्या न्यायासनापुढे होईल. आजचा आमचा विचार त्याच्याविषयी नाही. आमचा विचार त्या आठ किलोमीटरांविषयी आहे.

अंतर मोजणारा देव

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात एक विचित्र वाटणारा नियम आहे. आपण तो क्वचितच वाचतो, आणि त्यावर उपदेश तर क्वचितच ऐकतो. शेतात एखाद्याचे प्रेत सापडले आणि मारणारा कोण हे कळले नाही, तर वडील जनांनी व न्यायाधीशांनी तेथे जावे आणि आसपासच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळचे ठरेल त्या नगराच्या वडिलांनी, कधी जुंपली न गेलेली कालवड घेऊन, वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात उतरावे, हात धुवावे, आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडले नाही व आमच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही असे परमेश्वरासमोर सांगून क्षमा मागावी.

बंधुजनहो, येथे थोडे थांबा. त्या वडिलांनी खून केला आहे असे कोणीच म्हणत नाही. मग त्यांना का बोलावले? यहुदी शास्त्र्यांनाही हाच प्रश्न पडला होता. मिश्ना या त्यांच्या जुन्या ग्रंथात त्याचे उत्तर आहे, आणि ते काळजाला भिडते. वडील खुनी आहेत असा संशय कोणाच्या मनात तरी येईल काय? नाही. पण त्यांच्या त्या शपथेचा अर्थ असा की, हा मनुष्य आमच्या दाराशी आला असता आम्ही त्याला उपाशी लावून दिले नाही, आणि त्याला एकटा जाताना पाहून सोबत दिल्यावाचून राहिलो नाही.

पाहा, देवाच्या दृष्टीने नगराची जबाबदारी कोठे सुरू होते! प्रेत सापडल्यावर नव्हे. गुन्हेगार पकडल्यावर नव्हे. दाराशी आलेल्याला भाकर दिली का, एकट्याला वेशीपर्यंत पोहोचवले का, तेथे ती सुरू होते. आणि अंतर मोजले जाते ते दोरीने. मला माहीत नव्हते, तो माझ्या ओळखीचा नव्हता, ती आमच्या समाजाची नव्हती, या सबबी त्या दोरीला कळत नाहीत. तिला एवढेच कळते की सर्वांत जवळ कोण होते.

ती दोरी घेऊन आपण त्या आठ किलोमीटरांवर चाललो तर काय होईल? किती उंबरठे मोजावे लागतील? शास्त्यांच्या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायाची येथे आठवण होते. गिबा नगरात रात्रभर छळ सोसलेली एक स्त्री पहाटे दारापाशी येऊन पडते, आणि सकाळी दार उघडणाऱ्याला तिचे हात उंबरठ्यावर दिसतात. पवित्र शास्त्राने ही गोष्ट लपवली नाही. आपण मात्र ती संडेस्कूलमध्ये शिकवीत नाही, आणि लहान मुलांना ती शिकवू नये हे योग्यच आहे. पण मोठ्यांनी ती विसरू नये. तो उंबरठा केवळ गिबात नाही.

आमचे घर त्या रस्त्यावर नव्हते. असते तर आम्ही काय केले असते हे छातीवर हात ठेवून सांगण्याचे धैर्य आम्हांस नाही. का नाही, ते पुढे सांगतो.

पाहणे आणि राखणे

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहे. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र निसटून जाते. तिघांनीही त्या जखमी मनुष्याला पाहिले. याजकाने पाहिले. लेव्याने पाहिले. शोमरोन्यानेही पाहिले. डोळे तिघांचेही चांगले होते. फरक पाहण्यात नव्हता. शोमरोन्याला कळवळा आला आणि तो जवळ गेला, हा फरक होता.

आपल्या काळात पाहण्याची साधने वाढली, कळवळा मात्र यंत्रात बसवता येत नाही. कॅमेऱ्याने त्या मुलीला पाहिले. गुन्ह्याचा माग काढण्यास ते चित्रण उपयोगी पडले हे खरे. त्या कामासाठी कॅमेरे हवेतच. पण कॅमेरा वस्त्र घालीत नाही, पाणी देत नाही. आणि वाईट याचे वाटते की माणूसही हळूहळू कॅमेऱ्यासारखा होऊ लागला आहे. एकच वर्ष लोटले. 2024 च्या सप्टेंबरात याच उज्जैनीत, कोयला फाटकासारख्या गजबजलेल्या भागात, भरदिवसा पदपथावर एका स्त्रीवर अत्याचार झाला. जाणाऱ्या येणाऱ्यांनी तो थांबवला नाही; त्याचे चित्रण मात्र झाले, आणि ते पसरवल्याबद्दल एकाला अटक करावी लागली. याजक आणि लेवी निदान नजर चुकवून पलीकडच्या बाजूने गेले. येथे नजर चुकवण्याचीही लाज उरली नाही.

आता आम्ही आमचे सांगतो. काही वर्षांपूर्वीची हिवाळ्यातली रात्र. अकरा वाजून गेले होते. आम्ही बाहेरच्या खोलीत दिवा लावून रविवारच्या पाठाची तयारी करीत बसलो होतो. गल्लीत घाईघाईची चपलांची फटफट ऐकू आली, आणि पाठोपाठ आमच्या फाटकाची कडी वाजली. बाईमाणसाचा दबका आवाज होता, “भैया, दरवाजा खोलो.” आम्ही उठलो, आणि पहिली गोष्ट काय केली? दिवा मालवला. अंधारातून बाहेरचे नीट दिसावे म्हणून मालवला, असे आम्ही स्वतःला सांगितले. खिडकीच्या फटीतून पाहिले. एक स्त्री उभी होती, आणि गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल थांबलेली होती. हे काय प्रकरण असेल, पोलीस आले तर आमचे नाव येईल काय, घरात मुली आहेत, असे नाना विचार करीत आम्ही उभे राहिलो. कडी आणखी एकदा वाजली आणि थांबली.

दोन घरे सोडून एक वृद्ध विधवा राहते. पापड लाटून पोट भरते. सगळी गल्ली तिला काकी म्हणते. ती आपल्यापैकी नाही. तिच्या घरी तुळस आहे आणि भिंतीवर महाकालाचे चित्र आहे. तिने दार उघडले. त्या बाईला आत घेतले, आपली शाल दिली, आणि हातात लाटणे घेऊन स्वतः ओट्यावर येऊन बसली. मोटारसायकल निघून गेली. सकाळी काकीनेच त्या बाईला तिच्या भावाच्या घरी पोहोचवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकीकडे गेलो. काय बोलावे सुचत नव्हते. तिने रागाचा शब्द काढला नाही. पापड वाळत घालताघालता ती सहज म्हणाली, “भैया, ती आधी तुमच्याकडेच आली होती. सांगत होती, सगळ्या गल्लीत एकाच घरी दिवा दिसला म्हणून तिकडे गेले. मग तो विझला.”

बंधुभगिनींनो, त्या रविवारी आमचा पाठ चांगल्या शोमरोन्याचाच होता. आम्ही तो शिकवला. गोष्ट संपल्यावर चौथीतल्या एका मुलाने विचारले, “सर, ते पहिले दोघे घरी गेल्यावर बायकोला काय म्हणाले असतील?” त्याचे उत्तर त्या वर्गात फक्त आम्हांला माहीत होते. आम्ही ते दिले नाही. आज देतो. ते म्हणाले असतील, “काही नाही, उगीच उशीर झाला. दाराला कडी लाव.”

प्रभूने तो दाखला एका शास्त्र्याला सांगितला. शेजारी कोणाला म्हणावे, असा त्याचा प्रश्न होता. कोठपर्यंत प्रीती करायची याची त्याला हद्द आखून हवी होती. प्रभूने प्रश्नच फिरवला. जखमी मनुष्य कोणत्या जातीचा हे दाखल्यात सांगितलेलेच नाही; त्याच्याशी शेजाऱ्यासारखे कोण वागले, एवढेच विचारले आहे. आणि उत्तरात ज्याचे नाव आले तो श्रोत्यांच्या मंडळीतला नव्हता. आमच्या गावच्या गोष्टीत एक पुजारी थांबला. आमच्या गल्लीच्या गोष्टीत काकी उठली. आपण शोमरोन्याची चित्रे भिंतीवर लावतो, आणि शोमरोनी मात्र दुसऱ्याच घरातून बाहेर येतो. याने आपण खजील व्हावे. पण त्याहून अधिक, देवाने आपल्या गावात असे शेजारी ठेवले म्हणून त्याचे आभार मानावे आणि त्यांच्यापासून शिकावे.

आपल्या मराठी मंडळीला हा धडा नवा नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तरुणपणी त्यांनी स्वतः दुष्काळात आईवडील गमावले होते. भूक काय असते आणि एकट्या मुलीवर कोणाच्या नजरा असतात हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्या दुष्काळातून त्यांनी सुमारे 300 मुली व स्त्रिया आणल्या, आणि केडगावची मुक्ती त्यातून उभी राहिली. कोणी दार ठोठावील म्हणून रमाबाई बसून राहिल्या नाहीत. मुलींना फसवून नेणारे जेथे फिरत होते तेथे त्या आधी पोहोचल्या. राखण याला म्हणतात.

आपापल्या घरासमोर

नहेम्याने यरुशलेमचा कोट बांधला, दारे बसवली, आणि आता सर्व सुरक्षित झाले असे म्हणून तो स्वस्थ बसला नाही. सातव्या अध्यायात तो लिहितो की नगर विस्तीर्ण होते पण आत माणसे थोडी होती. म्हणून त्याने यरुशलेमात राहणाऱ्यांचेच पहारे नेमले. काही ठरलेल्या ठिकाणी, आणि काही ज्याच्या त्याच्या घरासमोर. कोट पुरेसा नव्हता. कोटाच्या आतला प्रत्येक उंबरठा जागा हवा होता. आणि त्या सर्वांवर प्रमुख म्हणून नेमताना हनन्याविषयी त्याने काय पाहिले? तो विश्वासू होता आणि पुष्कळांहून अधिक देवभीरू होता. पहारेकऱ्याची पहिली पात्रता दंडाची नाही, देवभीरूपणाची आहे.

ही पात्रता का हवी, ते आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे आले आहेत या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे गरीब लोक होते. त्या जमावालाही वाटत होते की आपण गाव राखीत आहोत. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथेही अशाच संशयापायी दोन साधू व त्यांचा चालक मारले गेले. प्रियजनहो, भीती ही वाईट पहारेकरीण आहे. राईनपाड्यात तिने परक्यावर हात उगारला; उज्जैनीत तिने परकीला हाताने पुढे जाण्याची खूण केली. दोन्हीकडे तिने समोर माणूस पाहिला नाही, संकट पाहिले. गीतरत्नातील ती वधू रात्री नगरात फिरते तेव्हा तिला मारणारे व तिची ओढणी हिसकावणारे कोण होते? कोटावरचे पहारेकरीच होते.

देवभीरू पहारा वेगळा असतो, आणि तो शक्य असतो. भिवंडीचे उदाहरण पाहा. 1970 मध्ये आणि 1984 मध्ये त्या गावाने भयंकर दंगली भोगल्या. 1988 पासून तेथे पोलीस अधिकारी श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान, यंत्रमागावरचे कामगार, दुकानदार, पोलीस शिपाई, हे सर्व नेमाने एकत्र बसू लागले, एकमेकांना नावाने ओळखू लागले, लहान तंटे लहान असतानाच मिटवू लागले. 1992 च्या डिसेंबरात आणि 1993 च्या जानेवारीत शेजारची मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. कोट उंच केला म्हणून नव्हे, तर संकट येण्यापूर्वी शेजारी शेजाऱ्याला ओळखत होता म्हणून.

मग आपण काय करावे? उपदेश ऐकून डोळे पुसून घरी जाणे सोपे आहे. आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो.

आपल्या घराच्या दोन्ही बाजूंची व समोरची घरे धरून निदान पाच दारे आपल्या ओळखीची असावीत. तेथे कोण म्हातारे एकटे राहते, कोणाच्या घरी दुपारी मुले एकटी असतात, कोण रात्रपाळीहून उशिरा येते, हे आपणांस ठाऊक असावे. चहाडीसाठी नव्हे, सोबतीसाठी. आजचा चोर भिंत फोडून येतोच असे नाही. तो दूरध्वनीवर पोलिसाचा आवाज काढून म्हाताऱ्याला सांगतो की तुम्ही अटकेत आहात, कोणालाही सांगू नका, पैसे पाठवा. त्याचे सारे बळ “कोणालाही सांगू नका” या शब्दांत आहे. रोज संध्याकाळी हाक मारणारा शेजारी असेल तर ते बळ तुटते. अशी फसवणूक झाली तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे.

संकटाच्या वेळी 112, मुलांसाठी 1098 आणि स्त्रियांसाठी 181, हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत. आपल्या मुलांना आपण पुस्तकांची नावे क्रमाने पाठ करवतो. त्याबरोबर हेही करवावे. एक क्रमांक लागला नाही तर दुसरा लावावा. आश्रमातला तो तरुण पहिला क्रमांक लागला नाही म्हणून थांबला नाही.

दाराशी कोणी जखमी किंवा भ्यालेली व्यक्ती आली तर प्रथम तिला झाकावे, बसवावे, शेजारच्या दोन स्त्रियांना हाक मारावी. एकट्याने भीती वाटत असेल तर हाक मारण्यात लाज कसली? भीती वाटणे हे पाप नाही. भीतीने दिवा मालवणे हे पाप आहे. तिला खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत. अत्याचार झाला असेल तर शक्यतो अंग धुण्यास किंवा कपडे टाकून देण्यास सांगू नये, कारण तो पुरावा असतो. तिचे चित्र काढू नये, तिचे नाव कोणास सांगू नये. नाव उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. अत्याचार झालेल्या व्यक्तीवर प्राथमिक उपचार विनामूल्य व तात्काळ करणे हे सरकारी व खासगी दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत.

“आमचे नाव येईल” ही भीती आम्हांलाही होती. पण कायदा काय सांगतो? 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे बालकावर असा अत्याचार झाल्याचे ज्याला कळते त्याने ते कळवलेच पाहिजे. न कळवणे हाच गुन्हा आहे, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला त्या कायद्याने संरक्षण आहे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये नियमांना बळ दिले, आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम 134-ए घालण्यात आले. अशा मदत करणाऱ्याला त्या कायद्यात काय नाव दिले आहे, ठाऊक आहे? चांगला शोमरोनी! आपल्या प्रभूच्या दाखल्यातले नाव देशाच्या कायद्यात गेले. ते आपल्या वागण्यात यावयास नको काय?

पाळकांना व वडीलमंडळाला आमची नम्र विनंती आहे. आपल्या मंदिराच्या आवारात रात्रभर एक दिवा लागलेला असावा, आणि तेथे कोणाला उठवायचे हे आवारात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे. महिला मंडळाने वर्षातून एकदा ठाण्यातील महिला अधिकाऱ्याला बोलवावे. शेजारच्या हिंदू, मुसलमान, जैन घरांनाही त्या बैठकीचे आमंत्रण असावे. पहारा मंडळीपुरता असू शकत नाही. 2028 मध्ये आमच्या गावी सिंहस्थ भरणार आहे. लाखो लोक येतील, त्यांत हरवलेली मुले असतील, चुकलेल्या म्हाताऱ्या असतील. त्यांनी आपले दार ठोठावले तर आतून कोणता आवाज येईल, हे आजच ठरवावे लागेल.

संडेस्कूल शिक्षकांना एवढेच सांगतो. हा दाखला शिकवताना मुलांना केवळ शोमरोन्याचे काम करावयास देऊ नका. एका मुलाला याजक करा आणि त्याला विचारा, तुला कशाची भीती वाटली? त्याला मोकळेपणाने बोलू द्या. मग सर्व मुलांना विचारा, याजकाच्या सोबतीला आणखी दोघे असते तर तो थांबला असता काय? मुले बहुधा “हो” म्हणतील. मग त्यांना सांगा की मंडळी त्यासाठीच आहे. आणि प्रत्येक मुलाला हेही सांगा की, तुला कोणी दुखवले, तर तू कोणत्या दाराशी जाशील ते आज ठरव. ते दार तुमचे असेल असे शिक्षक व्हा.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात देवाने काइनाला त्याच्या भावाविषयी विचारले, तेव्हा काइनाने उलट प्रश्न केला, की भावाची राखण करणे हे काय माझे काम आहे? देवाने त्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. तो एवढेच म्हणाला की भावाचे रक्त जमिनीतून ओरडत आहे. उत्तर देण्याची गरजच नव्हती. भावाची राखण हे आपले काम आहे.

त्या रात्रीनंतर आम्ही आमच्या फाटकाशी एक लहान दिवा लावतो. रात्रभर तो जळतो. विजेचे थोडे पैसे जास्त पडतात. पुष्कळदा कोणीच येत नाही. काकी येता जाता त्याकडे पाहते आणि काही बोलत नाही. तो दिवा लावल्याने त्या रात्रीचे पाप फिटले असे आम्हांस वाटत नाही. ते फेडणारा एकच आहे, आणि त्याने आपल्या रक्ताने ते फेडले. दिवा एवढ्याचसाठी आहे की पुढच्या वेळी कडी वाजली तर तो मालवण्यापूर्वी आम्हांला लाज वाटावी.

प्रार्थना

हे प्रभू, तू न झोपणारा राखणारा आहेस. आम्ही पाहिले आणि जवळ गेलो नाही. आम्ही ऐकले आणि उठलो नाही. आमची क्षमा कर. आमच्या गावात ज्यांनी दार उघडले, ते कोणत्याही घराण्याचे असोत, त्यांना आशीर्वादित कर. ज्या लेकरांनी दारे ठोठावली आणि ज्यांच्यासाठी ती उघडली नाहीत, त्यांच्या जखमा तू बांध आणि त्यांना निर्भय झोप दे. आमच्या भीतीला तुझ्या भयाखाली आण, म्हणजे आम्ही परक्याला पाहून हात उगारणार नाही, आणि दाराला कडीही लावणार नाही. आम्हांला आपापल्या घरासमोर जागे ठेव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.